पूर्वज कोणीही असोत

१६४७ च्या ऑक्टोबरात लंडनजवळच्या पटनी गावात विल्यम क्लार्क नावाचा विशीतला एक कारकून लघुलिपीत भराभर टिपणं घेत होता. समोर सैन्याची सभा भरली होती. सभेत सेनापतींच्या हाताखालचे मोठे अधिकारी होते, साधे शिपाई होते आणि लंडनहून आलेले दोनतीन नागरिकही होते. विषय असा होता, की राजा हरला, आता या देशात राज्य कोणाच्या संमतीने चालायचं? क्लार्कने ऐकलं तसं उतरवलं. कोणी चिडलं, कोणी मध्येच तोडलं, कोणी वाक्य अर्धवट सोडलं, तेही त्यात आहे. पुढे त्याने ती टिपणं नीट लिहून काढली. त्याच्या मुलाकडून ते कागद ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजला गेले आणि तिथे पडून राहिले. १८९० च्या सुमारास चार्ल्स फर्थ या इतिहासकाराच्या ते हाती लागले, १८९१ मध्ये छापले गेले, आणि पटनीत नेमकं काय बोललं गेलं ते जगाला तेव्हा कळलं. मधे जवळजवळ अडीचशे वर्षं गेली होती.

मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. पाश्चात्त्य लोकशाहीची गोष्ट आपल्याला शाळेपासून नदीसारखी सांगितली जाते. अथेन्सला उगम, इंग्लंडच्या राजाने १२१५ मध्ये मान्य केलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेपाशी मोठं वळण, मग वेस्टमिन्स्टर, मग फिलाडेल्फिया आणि पॅरिस. प्रवाह अखंड आहे आणि ज्यांच्या अंगणातून तो वाहतो त्यांचा तो वारसा आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पण इंग्रजी भाषेत मताधिकाराबद्दल जे सर्वांत स्पष्ट बोललं गेलं, ते बंद कपाटात होतं. १८३८ मध्ये चार्टिस्ट कामगारांनी प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत मागितलं, तेव्हा त्यांच्यातल्या कोणीही पटनीचं एक वाक्य वाचलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी ती मागणी स्वतःच्या आयुष्यातून काढली. मग वारसा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न हे कळल्यापासून माझ्या मनात आहे.

पटनीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १६४२ पासून इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी चालली होती. १६४५ मध्ये पार्लमेंटने नवं सैन्य उभारलं. ते जिंकलं, राजा कैदेत आला. मग पार्लमेंटला हे सैन्य जड होऊ लागलं. पगार थकलेला, आणि हुकूम असा की काहींनी घरी जा, काहींनी आयर्लंडच्या मोहिमेवर निघा. १६४७ च्या वसंतात पलटणींनी आपापले प्रतिनिधी निवडले. त्यांना अ‍ॅजिटेटर म्हणत. शिपायांनी निवडून दिलेले शिपाई वरिष्ठांसमोर बसून देशाच्या घटनेवर बोलणार होते. ज्या काळात नांगरधारी माणसाने जमीनदारासमोर टोपी काढायची रीत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. त्यांच्यासमोर एक छोटा मसुदा होता, ‘जनतेचा करार’. दर दोन वर्षांनी पार्लमेंट, लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघ, धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, जबरदस्तीची सैन्यभरती नाही, कायद्यापुढे सगळे सारखे. सेनापती फेअरफॅक्स आजारी होता, म्हणून अध्यक्षस्थानी ऑलिव्हर क्रॉमवेल होता.

२९ ऑक्टोबरला मताचा मुद्दा निघाला. त्या वेळी परगण्यांत मत द्यायचं तर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्न देणारी मालकीची जमीन लागे. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने विचारलं, की तुमच्या मसुद्याचा अर्थ प्रत्येक रहिवाशाला मत असा आहे का? कर्नल थॉमस रेन्सबरो उठला आणि म्हणाला, “मला खरोखर वाटतं, की इंग्लंडमधल्या गरिबातल्या गरिबालाही जगायला एक आयुष्य आहे, जसं थोरातल्या थोराला आहे. म्हणून ज्याला एखाद्या सरकारखाली राहायचं आहे, त्याने आधी स्वतःच्या संमतीने त्या सरकारखाली यायला हवं, हे मला उघड दिसतं.”

यातलं पहिलं वाक्य आता पटनीच्या सेंट मेरी चर्चमध्ये लिहिलेलं आहे. थेम्सच्या पुलाला अगदी लागून ते चर्च उभं आहे. मनोरा जुना आहे, बाकीचं बरंचसं बांधकाम एकोणिसाव्या शतकातलं आणि १९७३ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेलं. मी गेलो तेव्हा आत फारसं कोणी नव्हतं, बाहेर बसगाड्यांचा आवाज होता. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात इतिहासाचा एकही दाखला नाही. राजा आल्फ्रेड नाही, मॅग्ना कार्टा नाही, बायबलचं वचनही नाही. गरिबाला एक आयुष्य आहे, एवढाच पुरावा रेन्सबरोने दिला, आणि तो पुरेसा आहे असं त्याला वाटलं.

आयर्टनचं उत्तरही लक्ष देऊन वाचावं असं आहे. त्या सभेतला तो सर्वांत तल्लख वक्ता होता. ज्याचं या राज्यात कायमचं, न हलणारं हितसंबंधाचं काही नाही, त्याला राज्याच्या कारभारात वाटा मागण्याचा अधिकार नाही, असं तो म्हणाला. जमीन असलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. हातावर पोट असलेला आज इथे आहे, उद्या दुसरीकडे. आणि निव्वळ माणूस म्हणून, निसर्गतः मत मागायचं असेल, तर त्याच न्यायाने तो उद्या माझी जमीनही मागेल, मग तुम्ही त्याला कशाच्या आधारावर अडवणार? ही भीती पुढची तीनशे वर्षं युरोपात आणि युरोपच्या वसाहतींत वेगवेगळ्या शब्दांत बोलली गेली. आयर्टनने ती सगळ्यांत प्रामाणिकपणे बोलून दाखवली.

त्यावर एडवर्ड सेक्सबी हा शिपायांचा प्रतिनिधी संतापला. आम्ही जीव धोक्यात घातला तो आमचे जन्मसिद्ध हक्क परत मिळवण्यासाठी, तो म्हणाला. आमच्यासारख्या हजारो शिपायांकडे मालमत्ता अशी नव्हती, पण जन्मसिद्ध हक्क होता. आता तुम्ही सांगता, की जमीन नसेल तर या राज्यात हक्कच नाही. मग आम्ही लढलो ते कोण म्हणून? निव्वळ भाडोत्री शिपाई म्हणून? साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही त्या टिपणांतला त्याचा घसा दाटलेला ऐकू येतो.

पण सेक्सबीचे शब्द नीट बघितले, तर ते रेन्सबरोच्या शब्दांहून वेगळे आहेत. सेक्सबी ‘इंग्रज म्हणून’ हक्क मागतो, आणि ‘परत’ मागतो. कधीतरी होता, कोणीतरी हिरावून घेतला. त्या काळात बहुतेक इंग्रज बंडखोर असंच बोलत. त्यांच्यात एक कथा घरोघरी मान्य होती. १०६६ पूर्वी सॅक्सन इंग्लंड स्वतंत्र होतं, लोक आपले कायदे आपण करत, राजालाही लोक निवडत. मग नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जला लढाई जिंकला, सरदारांना जमिनी वाटल्या आणि इंग्रजांच्या मानेवर नॉर्मन जोखड बसलं. आजचे जमीनदार म्हणजे विल्यमच्या सरदारांचे वंशज. कोर्टात अजून मोडकी फ्रेंच आणि लॅटिन चालते, ती का, तर आपल्याला आपलेच कायदे कळू नयेत म्हणून. एडवर्ड कोकसारख्या मोठ्या कायदेपंडितानेही मॅग्ना कार्टाकडे असंच पाहिलं होतं. तो त्याच्या लेखी नवा करार नव्हता, जुन्या स्वातंत्र्याची फेरनोंद होती. ‘स्वतंत्र जन्मलेला इंग्रज’ ही ओळख या कथेतून घडली. लेव्हलर म्हणजे मताधिकार आणि कायद्यापुढे समानता मागणारा त्या काळचा गट; त्यांचा पुढारी जॉन लिलबर्न याला तर लोक ‘फ्रीबॉर्न जॉन’ म्हणूनच ओळखत.

कथा इतिहास म्हणून टिकत नाही. विल्यमने १०८६ मध्ये करून घेतलेल्या डूम्सडे बुकाच्या पाहणीत इंग्लंडच्या नोंदलेल्या लोकसंख्येपैकी सुमारे दहा टक्के लोक गुलाम होते, आणि ही गुलामी नॉर्मन लोकांनी आणलेली नव्हती, सॅक्सन काळातलीच होती. मॅग्ना कार्टाचं संरक्षणही ‘स्वतंत्र माणसा’ला होतं. १२१५ मध्ये शेतात राबणारे बहुसंख्य लोक जमिनीला बांधलेले कूळ होते, त्यांना ते लागू नव्हतं. त्या करारावर मोहोर उठली, आणि दोनअडीच महिन्यांत पोप तिसरा इनोसंट याने तो रद्दही ठरवला.

हे तेव्हाही काहींना दिसत होतं. म्हणून मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो रिचर्ड ओव्हर्टन. लंडनमधला गुप्तपणे छापखाना चालवणारा, तुरुंगात जाऊन आलेला माणूस. जुलै १६४६ मध्ये निघालेलं एक पत्रक त्याचं मानलं जातं. त्यात मॅग्ना कार्टाला ‘भिकार वस्तू’ म्हटलं आहे, आणि असह्य गुलामीच्या कितीतरी खुणा तिच्या अंगावर आहेत असं लिहिलं आहे. त्याच पत्रकात पार्लमेंटला उद्देशून हे वाक्य येतं: “आमचे पूर्वज कोणीही असोत, त्यांनी काहीही केलेलं असो, काहीही सोसलेलं असो, त्यांना काहीही मान्य करावं लागलेलं असो, आम्ही आजच्या काळातली माणसं आहोत, आणि सगळ्या अतिरेकापासून, छळापासून आणि मनमानी सत्तेपासून आम्ही पूर्णपणे मुक्त असलं पाहिजे.”

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. जुनी सनद दाखवा म्हणणाऱ्याला एवढं सरळ उत्तर कोणी दिल्याचं मला ठाऊक नव्हतं. सनद असो वा नसो. आजी-पणजी स्वतंत्र होत्या की दासी, याने माझ्या हक्कात काही उणंअधिक होत नाही. मला वाटतं, लोकशाहीचा विचार ज्या क्षणी खरोखर जन्मतो तो हा क्षण आहे, आणि तो कोणत्याच देशाचा वारसा होऊ शकत नाही, कारण वारशाचा दावा सोडूनच तो उच्चारता येतो.

पटनीचं पुढे काय झालं ते दुःखाचं आहे. ११ नोव्हेंबरला राजा हॅम्प्टन कोर्टच्या नजरकैदेतून निसटला आणि शिस्तीचं कारण सेनापतींच्या हाती आयतं आलं. १५ नोव्हेंबरला वेअर गावाजवळच्या मैदानावर काही पलटणी टोप्यांत ‘जनतेचा करार’ खोचून आल्या. कागदावर बाहेर लिहिलं होतं, ‘इंग्लंडचं स्वातंत्र्य, शिपायांचे हक्क’. तिघांना मृत्युदंड ठरला, फासे टाकायला लावले आणि रिचर्ड आर्नल्ड नावाच्या शिपायाला तिथेच गोळी घातली. रेन्सबरो पुढल्या वर्षी डॉनकास्टरला राजाच्या माणसांच्या हातून मारला गेला. तारीख २९ ऑक्टोबर, पटनीत तो बोलला त्याला बरोबर एक वर्ष. लंडनमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक समुद्री हिरव्या रंगाच्या फिती लावून चालले. १६४९ च्या मे महिन्यात बर्फर्डला लेव्हलर शिपायांचं बंड मोडलं, शेकडोंना चर्चमध्ये कोंडलं, तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. कोंडलेल्यांपैकी अँथनी सेडली याने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर आपलं नाव आणि ‘कैदी १६४९’ असं कोरलं. ते अजून वाचता येतं.

आणि ज्यांना आपण त्या सभेचे नायक म्हणतो, त्यांच्या बोलण्यातही कोण नव्हतं हे बघावंच लागतं. वाद तापल्यावर मॅक्सिमिलियन पेटी या लेव्हलराने स्वतःहून सांगितलं, की नोकर, उमेदवार कारागीर आणि भिक्षेवर जगणारे यांना आम्ही वगळू, कारण ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतात. स्त्रियांचं तर नावही निघालं नाही. १६४९ मध्ये लंडनच्या स्त्रिया हजारोंनी अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन आपापला संसार बघा असं सांगण्यात आलं. त्या पुन्हा आल्या, नवा अर्ज घेऊन. त्यात लिहिलं होतं, की आम्हीही देवाच्याच प्रतिमेत घडलो आहोत, ख्रिस्तावर आमचा पुरुषांइतकाच हक्क आहे, तेव्हा या राज्यातल्या स्वातंत्र्यातही आम्हाला आमचा वाटा हवा. इथेही बघा, दाखला पूर्वजांचा नाही.

राष्ट्राच्या नावाने मागितलेला हक्क राष्ट्राच्या वेशीपाशी थांबतो, याचा पुरावा आयर्लंड. आयर्लंडवर चालून जायचा आपल्याला काय अधिकार, असं विचारणारी पत्रकं १६४९ च्या वसंतात फिरत होती. त्यांचं कोणी ऐकलं नाही. सप्टेंबरात क्रॉमवेलच्या सैन्याने ड्रॉहेडा शहर घेतलं आणि शरण आलेल्यांचीही कत्तल केली. स्वतंत्र जन्मलेल्या इंग्रजांचंच ते सैन्य होतं.

अमेरिकेच्या स्थापनेतही हे दोन्ही सूर एकाच माणसाच्या तोंडी ऐकू येतात. १७७६ मध्ये नव्या देशाच्या राजमुद्रेवर काय असावं याची चर्चा चालली होती. थॉमस जेफरसनने सुचवलं, की एका बाजूला हेंगिस्ट आणि होर्सा असावेत, म्हणजे आपण ज्यांचे वंशज म्हणवतो ते सॅक्सन सरदार. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत हे वाक्य ज्याने त्याच उन्हाळ्यात लिहिलं, त्याचीच ही सूचना. मरण्याच्या दहा दिवस आधी, २४ जून १८२६ च्या पत्रात त्याने लिहिलं, की बहुसंख्य माणसं पाठीवर खोगीर घेऊन जन्मलेली नाहीत, आणि मूठभर लोक त्यांच्यावर स्वार होण्यासाठी टाचेला आरी लावून जन्मलेले नाहीत. हे शब्द मूळ रिचर्ड रम्बोल्डचे. क्रॉमवेलच्या सैन्यातला हा जुना शिपाई १६८५ मध्ये एडिंबरात वधस्तंभावरून हे बोलला होता. तो विचार एवढं अंतर चालून गेला, पण जेफरसनच्या मळ्यावर त्याच्या आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून राबली. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय त्या राजमुद्रेची सूचना नीट समजत नाही.

थॉमस पेन या लेखकाने हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला, आणि इथून आपल्याकडे यायला रस्ता आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवर ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य एडमंड बर्क तुटून पडला होता. त्याचं म्हणणं, इंग्रजांचे हक्क ही वाडवडिलांकडून आलेली वतनदारी आहे, ती सांभाळायची असते, माणसाचे अमूर्त हक्क वगैरे काही नसतं. पेनने १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहून उत्तर दिलं. पुरातन दाखले देणाऱ्यांची चूक ही, की ते पुरेसे मागे जात नाहीत. शे-हजार वर्षांवर थांबतात. मागे जायचंच तर माणूस निर्मात्याच्या हातून आला तिथपर्यंत जा. विल्यम आणि त्याच्या नॉर्मन जुलमाची आठवण पेन त्या पुस्तकातही काढतोच, पण हक्काचा पाया तिथे ठेवत नाही.

जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पुण्यात हे पुस्तक वाचलं. १८७३ मध्ये त्यांची ‘गुलामगिरी’ आली, ती अर्पण केली होती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यात बळीराजा आहे. बाहेरून आलेल्यांनी जिंकलेली भूमी आहे, कपटाने पाताळात घातलेला लोकांचा राजा आहे, आणि जेत्यांच्या वंशजांनी ज्ञानाची भाषा लोकांपासून दूर ठेवल्याचा आरोप आहे. १६४० च्या दशकातला लंडनचा एखादा चांभार किंवा छापखानेवाला हे ऐकता, तर त्याला गोष्ट ओळखीची वाटली असती. माझी आजी बलिप्रतिपदेला ओवाळताना म्हणायची, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.” लहानपणी मी ते फक्त ऐकलं. मोठेपणी कळलं, की आधी होतं आणि पुन्हा यावं असं राज्य मनात धरून ठेवणं ही दबलेल्या माणसाची ताकद असते. इतिहासकार त्या कथेतल्या तारखा तपासतील, तपासाव्यातच. पण सेक्सबीला सॅक्सन इंग्लंडने जो कणा दिला, तोच बळीने आपल्याकडच्या शेतकऱ्याला दिला, आणि मी त्या कथेला हलकं म्हणायला तयार नाही.

फुले मात्र कथेपाशी थांबले नाहीत. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. तिथे बळीच्या राज्याचा आधार मागे पडतो. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना स्वतंत्र आणि सारख्या हक्कांचे निर्माण केलं आहे, हा तिथला पाया. ‘स्त्री-पुरुष’ हा जोड फुले सोडत नाहीत, जवळजवळ दर वाक्याला लिहितात. रेन्सबरोच्या वाक्यातला गरीब पुरुष होता, पेनच्या पुस्तकाच्या नावातही पुरुषच आहे. पुण्यातल्या माणसाने ती उणीव भरून काढली. म्हणून लोकशाहीचा आदर्श पश्चिमेकडून आपल्याकडे ‘आला’ असं कोणी म्हटलं, की मला ते अपुरं वाटतं. इथे आल्यावर तो रुंद झाला.

आयर्टनचा युक्तिवादही भारतात आला होता, हे विसरून चालत नाही. १९१९ च्या सुधारणांनी मत दिलं ते जमिनीचा सारा, कर आणि मालमत्ता बघून. त्याच वर्षी जानेवारीत मताधिकार ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांचे आंबेडकर साक्षीला उभे राहिले. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्याखाली अधिकारपद धारण करण्याचा हक्क, हे नागरिकत्व घडवणारे दोन सर्वांत महत्त्वाचे हक्क आहेत, असं त्यांनी मांडलं. ज्यांच्या पूर्वजांना या देशात गावाच्या विहिरीवरही हक्क नव्हता, त्यांच्या वतीने कोणती जुनी सनद दाखवता आली असती? दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, सायमन कमिशनच्या मदतीला नेमलेल्या मुंबई प्रांतिक समितीतल्या इतर सदस्यांपासून वेगळं होऊन लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्रीला आणि पुरुषाला मत मागितलं. इंग्लंडमधल्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं.